आक्काची बाव

नाशिकहून बेळगावला जाताना निपाणी आधी लागते. माझं काम निपाणीजवळच्या एका खेड्यात होतं. बस त्या खेड्याच्या फाट्यावरून गेली, आणि मी उतरलो नाही. खिडकीतून बघून घेतलं. कमानीला नवा रंग, तिच्यावर झेंडूच्या माळा, खाली उसानं भरलेला ट्रॅक्टर आडवा अडकलेला. मग तवंदीचा घाट सुरू झाला आणि मी डोळे मिटून घेतले. गावाचं नाव या लेखात येणार नाही. त्या गावाबद्दल माझ्याकडून एकदा नको ते लिहून झालं आहे.

तिथल्या पंचायतीत मारुतीअण्णा म्हणून एक सदस्य आहेत, घरची तंबाखूची शेती. त्यांचा फोन आला होता. गावच्या जुन्या विहिरीतला गाळ काढलाय, कठडा बांधलाय, आता नावाचा दगड बसवतोय. तुमच्या लेखामुळं विहिरीचा इतिहास जगाला कळला, तर पडदा तुमच्याच हातानं निघाला पाहिजे. दगडावर काय कोरलंय ते त्यांनी वाचून दाखवलं. वर कन्नडात, खाली मराठीत: 'आक्कासाहेबांची बाव'. बाव म्हणजे विहीर. मी 'येतो' एवढंच म्हणालो. मी मुळात कमी बोलतो. लोक त्याला विद्वत्ता समजतात, आणि तो गैरसमज मी आजवर दूर केलेला नाही.

लेख तरुणपणीचा. कॉलेजात इतिहास शिकवायला नुकता लागलो होतो, आणि एका दिवाळी अंकाला राजघराण्यांतल्या विस्मरणात गेलेल्या स्त्रियांबद्दल मजकूर हवा होता. मी लिहिलं ते असं: प्लेग आला, सारं गाव शेतात झोपड्या घालून राहायला गेलं, पण देसायांच्या घराण्यातल्या आक्कासाहेब वैभव सोडून ओसाड गावात मागं राहिल्या. ज्यांना उचलून न्यायला कुणी नव्हतं अशा आजाऱ्यांना त्यांनी या बावेचं पाणी पाजलं, आणि त्यातच त्या गेल्या. लेख गाजला. त्याचं शाळेत नाटक झालं. गावात दरवर्षी बावेवर नारळ फुटू लागला.

गोष्ट खरी होती. पण ती आक्कासाहेबांची नव्हती. मला ती बेळगावातल्या वडगावच्या एका विणकरीण बाईंनी सांगितली होती. त्यांचं घराणं मूळ त्याच गावचं. पाणी पाजणारी होती त्यांच्या आजोबांची थोरली बहीण, साधी मागावर बसणारी बाई. घरात तिला सगळे आक्का म्हणत, म्हणून गावही आक्का म्हणे. आमच्या नाशिककडं थोरली बहीण ती ताई. 'आक्का' म्हटलं की माझ्या पुस्तकी कानाला पुढं 'साहेब' ऐकू येतं. ऐकण्यात चूक झाली असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण चूक झालीच नव्हती. मला चांगलं कळलं होतं. विणकराची बहीण त्या अंकात बसत नव्हती, म्हणून मी तिला एक शब्द जोडला आणि देसायांच्या घरात नेऊन बसवली.

वडगाव

बेळगावला उतरलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. रिक्षा वडगावात शिरली, आणि लूमचा तो खडखडाट आधी पायांना जाणवला, मग कानांना. मागच्या वेळी हातमागाचा आवाज होता. त्यात दोन ठोक्यांमध्ये माणूस बोलू शकत असे.

कोपऱ्यावर चहा पिणाऱ्या एकाला मी विचारलं, आक्कांचं घर कुठलं. त्यानं कप खाली ठेवला.

"कंची आक्का?"

"सुमनआक्का. साड्या विणायच्या त्या."

"हितं समद्या आक्काच हायत, आनि समद्या साड्याच इनत्यात," तो म्हणाला, आणि तरीही मला एका घरी पोचवून गेला. तिथल्या बाईंनी पाणी दिलं, चहा दिला, माझं नाव, गाव, नोकरी, मुलं किती, सगळं निवांत ऐकून घेतलं, आणि मग म्हणाल्या की मी शांताक्का, सुमनआक्का पलीकडच्या बोळात. मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. आक्का म्हणजे कोण, हे या बोळात कुणालाही शोधावंच लागतं. फक्त लेख लिहिताना मला ते शोधावं लागलं नव्हतं.

सुमनआक्का उंबऱ्यातच बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, डोळे पांढुरके, पण मान ताठ. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "तवा केस हुते की तुमास्नी."

पुढच्या खोलीत भाच्याचा पॉवरलूम चालू होता. मागच्या खोलीत जुन्या मागाचा खड्डा तसाच होता, पाय सोडून विणायला बसायचा तो. त्यावर आता फळी टाकली होती आणि खाली कांदे आणि रताळी भरली होती. जेवल्याशिवाय काही बोलायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पुंडीची भाजी. पुंडी म्हणजे आपली अंबाडी. आमच्याकडं ती शिजवून, पिळून, आंबटपणा काढून टाकतात. इथं तो आंबटपणा जपून ताटात येतो. मी दुसरी भाकरी घेतली. मागच्या वेळीही घेतली होती, हे मला तेव्हाच आठवायला नको होतं.

मग मी सांगितलं. लूमच्या आवाजात सांगावं लागलं, त्यामुळं कबुली द्यायची ती जवळजवळ ओरडूनच दिली. भाच्यानं लूम बंद केला तेव्हा माझं शेवटचं वाक्य घरभर ऐकू गेलं.

सुमनआक्का म्हणाल्या, ठावं हाय. लेख आला तेव्हाच भाचीनं वाचून दाखवला होता. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला, म्हणजे आपलं ऐकण्यात काही राहिलंय का ते कळावं. मग ठरवलं, सर परत आले की विचारायचं. सर काही परत आले नाहीत.

"विचारा," मी म्हणालो.

"साहेब लावलासा ते ऱ्हाऊ दे. ताण्याचं का न्हाय लिवलासा?"

मला पटकन कळलं नाही. त्यांनी फळीवर हात आपटला. आक्का गावात राहिली ती काही लोकांची दया येऊन नव्हे. तिनं मागावर नवा ताणा चढवला होता. खळ दिलेलं उभं सूत एकदा मागावर ताणून बसवलं की उतरवता येत नाही, सैल पडलं की गुंता होतो आणि सगळं वाया जातं. साडी पुरी करून मागनं येते, असं सांगून ती मागं राहिली. रिकाम्या गावात माग वाजत होता, म्हणून पडलेल्या माणसांना कळलं की कुणीतरी आहे. ती माणसं हाका मारायला लागली. आक्का, पाणी. ती मागावरनं उठायची, बावेवरनं घागर आणायची, पाजायची आणि पुन्हा येऊन बसायची. पुढं एक दिवस माग वाजला नाही. साथ ओसरल्यावर घरची माणसं परत आली, तर साडीचा पदर तेवढा विणायचा राहिला होता.

"तुमी तिला देवी केलासा," सुमनआक्का म्हणाल्या. "देवीला काय, तिला भ्याच न्हाय. आमची आक्का भित हुती. पर काम टाकून कसं जायाचं?"

हे सगळं त्यांनी मला तेव्हाही सांगितलं होतं. शब्दन् शब्द. लेखात मी लिहिलं होतं, 'प्रजेच्या हाकेपुढं त्यांना सुख तुच्छ वाटलं.'

तिचं खरं नाव काय, हे मी आता तरी विचारलं. ते सुमनआक्कांनाही माहीत नव्हतं. नाव कुणी घेतलंच नाही, म्हणून उरलं नाही. मी म्हणालो, उद्या सगळ्यांसमोर सांगतो. त्या म्हणाल्या, सांगा, मीबी येते. पण आधी देसायांच्या घरी जाऊन या.

"त्येंच्या माघारी त्येंचं मानूस काढून घ्याचं बरं न्हवं."

अनगोळ

देसायांचं घराणं म्हणजे आता बेळगावच्याच अनगोळ भागातल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वहिनीसाहेब. गावातली वास्तू केव्हाच विकली गेली, तिथं तंबाखूची वखार आहे. वहिनीसाहेबांचं माहेर धारवाडकडचं, त्यामुळं त्यांच्या मराठीला कन्नडची एक गोड ठेच लागते. संध्याकाळी न कळवता गेलो, तर त्यांनी बशीत कुंदा दिला आणि उद्याच्या कार्यक्रमाला कुठली साडी नेसावी याची चर्चा माझ्याशी सुरू केली. भिंतीवर माझा लेख होता, काचेच्या चौकटीत.

मी त्या चौकटीकडं पाठ करून बसलो आणि सांगितलं. वाटलं होतं, बशी उचलून नेतील. त्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, बराच वेळ.

"आमच्या आक्कासाहेबांनी जन्मात घागर उचलली नव्हती हो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही त्यांना मारूनही टाकलंत. त्या चांगल्या म्हाताऱ्या होऊन गेल्या. माझ्या सासूबाईंनी त्यांचं केलंय शेवटी."

म्हणजे घरात माहीत होतं? सगळ्यांना माहीत होतं. लेख आला तेव्हा वहिनीसाहेबांचे यजमान हयात होते. जमिनी गेलेल्या, वास्तू विकलेली, आणि अशात कुणीतरी छापून आणतं की तुमच्या घराण्यात देवमाणूस होतं. त्यांनी चौकट करून आणली. ती भिंतीवर लागल्यावर तिच्याबद्दल घरात कुणी बोललं नाही. मी एकटाच गप्प होतो असं मला वाटत आलं होतं. माझ्या गप्प बसण्यात एक अख्खं घर सामील होतं, हे कळून हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

मग वहिनीसाहेबांनी खऱ्या आक्कासाहेबांचं सांगितलं. लहानपणी लग्न झालं, आणि जाण येण्याआधी वैधव्य आलं. माहेरी परत आल्या त्या आतल्या दालनांत. अंगणही ठरल्या वेळी. प्लेग आला तेव्हा पडदे लावलेल्या गाडीतून त्यांना मळ्यातल्या झोपडीत नेलं. आणि मळ्यात पडदा कुठं बांधणार? त्या अनवाणी हिंडल्या. बांधावरची बोरं वेचून खाल्ली. कुणब्यांच्या बायकांशी बोलल्या. गाव मरत होतं तेव्हा त्यांचं आयुष्य पहिल्यांदा उघड्यावर आलं होतं. साथ सरली, गाडीला पुन्हा पडदे लागले, आणि त्या आत गेल्या त्या कायमच्या.

"म्हातारपणी भ्रम झाला होता थोडा," वहिनीसाहेब म्हणाल्या. "सासूबाईंना विचारायच्या, प्लेग परत कधी गं येणार? सगळे रागवायचे त्यांच्यावर, अभद्र बोलू नका म्हणून."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होईना. राजघराण्यातली विस्मरणात गेलेली स्त्री शोधत मी इतक्या लांब आलो होतो त्या काळी, आणि ती या घरात होती. मी या घराचा जिनाच चढलो नव्हतो. हे लिहिलं तर चालेल का, असं मी विचारलं.

"लिहा. एका बाईची गोष्ट काढून दुसरीला नेसवलीत, आणि दोघींनाही आखूड झाली," त्या म्हणाल्या. "आता ज्याचं त्याला द्या."

घाटापलीकडं

सकाळी भाड्याच्या गाडीत मागं दोघी बसल्या, मी पुढं. सुमनआक्का त्यांना 'वहिनीसाहेब' म्हणत, आणि वहिनीसाहेब त्यांना 'आक्का'. संकेश्वरपर्यंत विषय एकच, गुडघे. तवंदीच्या घाटात चहाला थांबलो. थंडी अजून उतरली नव्हती. खाली निपाणीकडचा सपाट मुलूख, उसाचे हिरवे आणि तंबाखूचे करडे तुकडे. तंबाखू कापून शेतातच वाळत घातली होती. सुमनआक्का या वाटेनं किती वर्षांनी चालल्या होत्या ते त्यांनाही सांगता येईना. फाटा आल्यावर त्यांनी काच खाली करायला लावली आणि तंबाखूचा वास घेतला.

त्या वासानं मला शिंका सुरू झाल्या. मारुतीअण्णा हार घेऊन पुढं आले, आणि मी हार घालून घेताना शिंकलो, नमस्कार करताना शिंकलो. "पावन्यास्नी निपानी लागली," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. माणसं मोकळी, आनंदात होती. बावेचा कठडा स्वच्छ, पाणी खोल आणि हिरवं. शेजारी दगड, त्यावर शहापुरी साडीचा पडदा. एका बाजूला चुलाणावर हुग्गी शिजत होती. हुग्गी म्हणजे गुळातली गव्हाची खीर, आमच्याकडं लापशी म्हणतात ती तिची रोडकी बहीण.

मारुतीअण्णांना मी बाजूला घेऊन सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. म्हणाले, सर, दगड कोरून झालाय. तालुक्याचे साहेब बसलेत. पोरांनी उन्हातान्हात गाळ उपसलाय, ते राणीच्या नावानं उपसलाय. तुम्ही पडदा काढा, जेवा, आणि घरी जाऊन काय लिहायचं ते लिहा. आज नको.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घरी जाऊन लिहिणं मला जमणारंही होतं. मी आयुष्यभर तेच केलं आहे, जे समोर बोलायचं ते घरी जाऊन लिहिलं आहे, आणि लिहिताना बदललं आहे. मी सुमनआक्कांकडं बघितलं. त्या बायकांमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या, हातात माझ्याच नावाची निमंत्रणपत्रिका पंख्यासारखी हलवत. त्यांना ती वाचता येत नव्हती.

माईकपुढं मी फार बोललो नाही. पाणी पाजणारी बाई देसायांच्या घरची नव्हती, विणकराची बहीण होती, हे मला लिहितानाच माहीत होतं, आणि तिचं घरचं माणूस आज इथं बसलेलं आहे, इतकंच. मग एक शिंक आली. या वेळी कुणी हसलं नाही.

पुढं बसलेले एक म्हातारे उठले. "मग आमी इतकी वर्सं नारळ कुनाला फोडला?"

उत्तर सुमनआक्कांनी जागेवरूनच दिलं.

"आक्कालाच की. नारळाला काय साहेब कळतोय व्हय रं?"

हसू पसरत गेलं, आधी बायकांत, मग पलीकडं. मारुतीअण्णा हसले नाहीत. त्यांनी माईक घेतला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "सर, तुमचं मन हलकं झालं. आता ह्या दगडाचं काय करू? घरला न्यू?" ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

तेव्हा वहिनीसाहेब उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जाऊन स्वतःच दगडावरची साडी ओढली. काळा, घासून गुळगुळीत केलेला दगड, वर कन्नड ओळ, खाली मराठी. त्यांनी दोन्ही ओळी नीट वाचल्या.

"देसायांच्या घरातून मी सांगते," त्या म्हणाल्या. "आमच्या आक्कासाहेब नव्हत्या त्या. दगड चांगला आहे, तो कशाला टाकता? साहेब तेवढा काढा." मग कन्नड ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या की इथं तर काही बिघडतच नाही. 'अक्कासाहेबर बावी' मधला साहेब काढला की 'अक्कार बावी' उरतं, आणि अक्कार म्हणजे मानानं हाक मारलेली आक्का. आमच्या माहेरी असंच म्हणतात. मराठीत 'साहेबां' एवढं काढलं की उरतं ते गावाचं मूळचंच नाव.

मारुतीअण्णांनी दगडावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी पाथरवटाला हाक मारली. तो हुग्गीच्या रांगेत उभा होता. म्हणाला, जेवून मग करतो.

पंगती उठेपर्यंत छिन्नीचा आवाज सुरू झाला होता. माझ्या शेजारी जेवायला मारुतीअण्णाच बसले होते. माझ्या ताटात खिरीवर तूप वाढायला त्यांनीच सांगितलं. तालुक्याचे साहेब लवकर निघून गेले होते. त्यावरूनही एक विनोद झाला, की बघा, एक साहेब आपणहूनच निघाला.

काम झाल्यावर मी सुमनआक्कांना धरून दगडापाशी नेलं. दोन्ही ओळींत मधोमध खडबडीत, पांढुरकी जागा पडली होती. 'आक्का', मग ती मोकळी जागा, मग 'ची बाव'. काही लपत नव्हतं. पुढं कधीही येणाऱ्या माणसाला कळणार की इथं काहीतरी होतं आणि ते काढलं आहे. त्यांना अक्षरं दिसत नव्हती. मी त्यांचा हात 'आक्का'वर ठेवला, मग बोटं त्या खळग्यात उतरली आणि तिथंच थांबली. दुपारच्या उन्हानं दगड तापला होता.

"साहेब उठून गेला," त्या म्हणाल्या. "जागा अजून गरम हाय."

मग पदरानं हात पुसून माझ्याकडं वळल्या. "आता तेवढं ताण्याचं लिवा."

ते लिहितो. प्लेगाच्या साली सगळं गाव शेतात राहायला गेलं. आक्का गेली नाही. मागावर ताणा चढलेला होता.